की लार्गो: बुडालेली जहाजं आधी, काचेच्या तळाची बोट शेवटी

तुमचा बेत वाचला. डिसेंबरात फ्लोरिडातल्या की लार्गो बेटावर चार दिवस, तुम्हा दोघांकडे गोव्यात दोन वर्षांपूर्वी काढलेलं ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र, ६० फुटांपर्यंतचं), सोबत भारतातून आलेले आईबाबा. पहिल्या दिवशी काचेच्या तळाची बोट, चौथ्या दिवशी दुपारी ‘स्पीगल ग्रोव्ह’ या बुडवलेल्या जहाजावर डाइव्ह, पाचव्या दिवशी सकाळी सातला मायामीहून विमान. आम्हीही नेमका हाच क्रम लावला होता. तो उलटा करा.

दोन-चार डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत. चौथ्या दिवशी चारला पाण्याबाहेर आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आतलं कुठलंच विमान चालणार नाही. म्हणून शेवटचा दिवस फक्त पाण्यावरच्या बोटींना.

आता स्पीगल ग्रोव्ह. गोव्यात ग्रँड आयलंडजवळचा रेक (बुडालेलं जहाज) केलाय म्हणून हेही जमेल, असं धरू नका. हे ५१० फुटी नौदलाचं जहाज. २००२ मध्ये मुद्दाम बुडवताना ठरल्या वेळेआधीच बुडालं आणि भलतंच पडलं, २००५ च्या डेनिस वादळानंतर सरळ झालं. सर्वांत वरचा भाग साधारण ६० फुटांवर, तळ १३४ वर. म्हणजे तुमच्या कार्डाची मर्यादा संपते तिथे जहाज सुरू होतं. ३० फुटांवर तासभर पुरणारी टाकी ९० फुटांवर अर्ध्या तासात संपते, आणि साध्या हवेवर डाइव्ह टेबलप्रमाणे तिथे २५ मिनिटंच मिळतात. पाण्याला ओढ असली तर मूरिंगच्या (बोट बांधायच्या बोयाच्या) दोरीपर्यंत पोचण्यातच दम जातो. बोटीपासून मूरिंगपर्यंत लावलेली दोरी धरूनच जायचं. हात सुटला की बोट मागे राहते आणि तुम्ही भलतीकडे. टाकीत ३००० पीएसआय दाबाची हवा असेल तर १५०० ला परत फिरा. दारं-खिडक्या कापून मोठ्या केल्यात, तरी आत शिरू नका. २००७ मध्ये तिथे आत गेलेले तीन अनुभवी डायव्हर जिवंत परत आलेच नाहीत.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती फोनवरची बुकिंग. नाव घेत नाही, पण ऑफिसातल्या बाईंनी ‘ओपन वॉटर चालेल’ म्हणून क्रेडिट कार्डाचा नंबर घेतला. धक्क्यावर सामान उतरवल्यावर दुसरा माणूस म्हणतो, अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड किंवा अलीकडच्या खोल डाइव्हची लॉगबुकात नोंद दाखवा, नाहीतर गाइड घ्या. गाइड त्या दिवशी शिल्लक नव्हता. पैसे परत मागितले तर म्हणे चोवीस तास आधी रद्द करायला हवं होतं! आम्हाला कळलंच धक्क्यावर, तर चोवीस तास आधी काय रद्द करणार? राग अजून गेलेला नाही, असो. तुम्ही ईमेलवरच विचारा: कार्ड कोणतं लागतं, शेवटची डाइव्ह किती जुनी चालते, आणि धक्क्यावरून परत पाठवलं तर पैशांचं काय. उत्तर लेखी आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

माझं मत विचाराल तर (मी इन्स्ट्रक्टर नाही, तुमच्या तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा) नुसता गाइड घेण्यापेक्षा तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा. पाच डाइव्ह, दोन दिवस. त्यातली खोल डाइव्ह स्पीगल ग्रोव्हवरच ठेवता येईल का, हे बुकिंगआधी विचारा. पण सुरुवात ‘बेनवूड’ या दुसऱ्या बुडालेल्या जहाजावर. १९४२ मध्ये दिवे मालवून जाताना दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन ते गेलं. २५ ते ४५ फुटांत पसरलंय, माशांची गर्दी अफाट, आणि दोन वर्षं पाण्यात न उतरलेल्यांना हात बसवायला उत्तम. तिसरा दिवस मोकळा ठेवा. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला की बोटी सरळ रद्द होतात. थंडी कमी वाटली तरी ५ एमएम जाडीचा वेटसूट मागा.

आईबाबांसाठी पेनेकॅम्प पार्कची काचेच्या तळाची बोट, फेरी अडीच तासांची. लाटा असताना खाली वाकून काचेत बघत राहिलं की पोट ढवळतं, आणि अडीच तास बोट परत फिरत नाही. मळमळीची गोळी तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. मात्र बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर कोणती गोळी ते आधी डॉक्टरांना विचारा. समुद्र खवळलेला असेल तर ‘आफ्रिकन क्वीन’वर न्या. १९५१ च्या सिनेमातली हीच ती वाफेची बोट, कालव्यांतून हळू फिरवतात. बांधणी १९१२ ची आहे, तेव्हा दुरुस्तीला गेलेली नाही ना हे निघण्याआधी फोन करून विचारा.

आणि मालवणला पंधरा मिनिटांच्या ‘स्कूबा’नंतर बाबांना मिळालेलं ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट घरीच ठेवा. ते इथे कोणी बघणार नाही, आणि बाबा मात्र ते दाखवल्याशिवाय राहणार नाहीत.