जड धातूंची विषबाधा झालेल्या जनावराला अँटिऑक्सिडंट दिले तर ते वाचतं का?

तुम्ही विचारलंय की शिसं, कॅडमियम, पारा असल्या धातूंची विषबाधा झालेल्या जनावराला व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम वगैरे दिलं तर खरंच फायदा होतो का, कारण जो पेपर उघडावा त्यात 'संरक्षण मिळालं' असंच लिहिलेलं असतं. नुसत्या अँटिऑक्सिडंटवर जनावर वाचत नाही. मदत होते, पण कुठे होते आणि कुठे होत नाही यावरून मी माझ्या एका सीनियरशी काही वर्षं भांडलेय, त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका गोठ्यावरून फोन आला की दोन वासरं रातोरात आंधळी झालीत. जाऊन बघते तर एक वासरू भिंतीला कपाळ टेकवून नुसतं रेटत उभं, दात करकर वाजतायत, तोंडाला फेस, पापण्या आणि कान सारखे फडफडतायत. दुसरं आडवं पडून पाय झाडतंय. तिसरी एक कालवड होती, ती चालत होती पण सरळ खांबावर जाऊन आदळली. मी डोळ्यात टॉर्च मारला, बाहुली व्यवस्थित बारीक झाली, पण डोळ्यासमोर झपकन हात नेला तर पापणी लवली नाही. म्हणजे डोळा ठीक आहे, मेंदूला दिसत नाहीये. असं दिसलं की डोक्यात तीन गोष्टी येतात, शिसं, थायमिनची (व्हिटॅमिन बी1) कमतरता आणि रेबीज, आणि रेबीज येतो म्हणून हातमोजे घातल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण फेस बघून लोक लगेच घशात काही अडकलंय का बघायला हात घालतात.

मालकांना विचारलं, काका, कुठे जुना रंग खरवडलाय का, वापरलेलं ऑइल सांडलंय का, बॅटरी पडलीय का? नाही हो मॅडम, आमच्याकडे असलं काही नाही. (हे उत्तर मला आजपर्यंत प्रत्येक केसमध्ये मिळालंय आणि कोणीही खोटं बोलत नसतं, लक्षातच नसतं कुणाच्या.) थायमिन तिघांनाही लगेच दिलं, कारण शिसं असो की थायमिनची कमतरता, दोन्हींत ते उपयोगी पडतं. आडवं पडलेलं वासरू दुपारी गेलं. मेंदूचा नमुना रेबीजसाठी काढून ठेवला आणि पोट उघडलं. वासराचं दुसरं पोट आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं, त्या खणाखणात काळपट राखाडी कपच्या अडकलेल्या होत्या. एक उचलून ब्लेडने खरवडली तर खालून धातू चमकला. मग गोठ्याच्या मागे गेलो सगळे, तिथे झुडपात ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी, प्लेटा उघड्या आणि चाटून चाटून गुळगुळीत झालेल्या. काका तिथेच खाली बसले.

संध्याकाळी सर, म्हणजे माझे ते सीनियर, आले. त्यांचं म्हणणं, कॅल्शियम ईडीटीए (शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) किडनीला मारक आहे, लहान वासरांना कशाला देतेस, व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं इंजेक्शन दे, सलाइनमधून व्हिटॅमिन सी दे, शिसं शेवटी फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशी जाळणारे अस्थिर रेणू, तयार करूनच मारतं ना, मग ते विझवले की झालं. ईडीटीए हाताशी नव्हतंच, दुसऱ्या दिवशी मिळणार होतं, त्यामुळे ती रात्र सरांच्या उपचारावर गेली. सकाळी भिंतीला डोकं रेटणारं वासरूही गेलेलं होतं. कालवड जिवंत होती. तिला ईडीटीए सावकाश शिरेतून, दिवसाच्या डोसचे भाग पाडून, थायमिन चालू, आणि तोंडावाटे मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट), म्हणजे पोटात जे शिसं आहे त्याचं न विरघळणारं सल्फेट होऊन ते शेणावाटे निघून जावं. लक्षणं नसलेल्या उरलेल्या तिघांना मॅगसल्फ देऊन दुसरीकडे बांधलं. नवव्या दिवशी मी बादली घेऊन आत शिरले तर कालवडीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आवाजाकडे नाही, माझ्याकडे. मी बादली डावीकडून उजवीकडे नेली आणि तिची नजर मागे मागे आली.

आणि केसपेपरवर सरांनी लिहिलं, व्हिटॅमिन ई-सेलेनियमला उत्तम प्रतिसाद.

मला ते इतकं का लागलं तर मी स्वतः कॉलेजात पांढऱ्या उंदरांवर नेमकं हेच काम केलं होतं, कॅडमियम क्लोराइड आणि व्हिटॅमिन ई. चार गट, पाण्यातून कॅडमियम, एका गटाला सोबत व्हिटॅमिन ई. फॅट जळल्यावर होणारं एमडीए कमी आलं, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) जास्त आलं, लिव्हरच्या स्लाइडही चांगल्या दिसल्या, मी खूश. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, 'मग कॅडमियम गेलं कुठे?' मला उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही धातू मोजलाच नव्हता. त्या दिवसापासून या विषयावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी तीन गोष्टी शोधते. अवयवातला धातू मोजला का, अँटिऑक्सिडंट विषाच्या आधी किंवा सोबत दिलं की विषबाधा होऊन गेल्यावर, आणि डोस काय होता. बहुतेक ठिकाणी ते आधीपासून किंवा बरोबरच दिलेलं असतं. खऱ्या गोठ्यात असं कधीच होत नाही, तिथे पोटात कपच्या आधी जातात आणि डॉक्टर चार दिवसांनी येतो.

दुसरं म्हणजे उंदीर स्वतःच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन सी बनवतो. गाय, कुत्रा, मांजर पण बनवतात. माणूस आणि गिनीपिग बनवत नाहीत. त्यामुळे माणसाला सी लागतं म्हणून गायीला दोन बाटल्या चढवा हे गणित जमत नाही.

आता सरांचं अर्धं बरोबर होतं तेही सांगते. शिसं, पारा, आर्सेनिक या सगळ्यांना गंधकाची भारी ओढ, प्रोटीनवरचे गंधकाचे गट दिसले की चिकटतात. ग्लुटाथायोन म्हणजे पेशीची ढाल, तीही गंधकाचीच, म्हणून ती आधी संपते. शिसं रक्त बनवणाऱ्या साखळीतलं एएलएडी हे एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे त्या साखळीतला कच्चा माल, एएलए, साठतो आणि तो स्वतःच फ्री रॅडिकल्स तयार करतो. कॅडमियम स्वतः थेट फ्री रॅडिकल्स तयार करत नाही, पण लोह आणि तांब्याला त्यांच्या जागेवरून उठवतं आणि मग ते मोकळं लोह धुमाकूळ घालतं. म्हणजे आग लागलेली असते हे खरंच आहे, आणि व्हिटॅमिन ई पेशीच्या पडद्यावर बसून ती आग पसरू देत नाही हेही खरं. पण पोटात बसलेली शिशाची कपची रोज थोडी थोडी विरघळतेय, तिला व्हिटॅमिन ई काय करणार? आधी ती काढायला पाहिजे, गरज पडली तर पोट उघडून. मग रक्तातला, हाडातला धातू बांधून बाहेर काढणारं औषध, आणि मग बाकीचं. मी ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने.

सगळ्यात दमदार उदाहरण सेलेनियम आणि पाऱ्याचं आहे. 1967 मध्ये पारिझेक आणि ओस्टाडालोवा या संशोधकांनी दाखवलं की सेलेनाइट (सेलेनियमचा क्षार) दिलेले उंदीर पाऱ्याच्या क्षाराच्या मारक डोसातून वाचतात. इथे सेलेनियम नुसतं आग विझवत नाही, पाऱ्याला धरून बसतं, म्हणून ते वेगळं आहे. शिवाय ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम चालायला सेलेनियमच लागतं. पण हे पाऱ्याचं आहे, शिशाला जसंच्या तसं लावू नका. आणि शरीराचं स्वतःचं शस्त्र म्हणजे मेटॅलोथायोनिन, जे 1957 मध्ये घोड्याच्या किडनीतून काढलं गेलं, ते कॅडमियमला बांधून ठेवतं, पण किडनीतच ठेवतं, वर्षानुवर्षं. बांधलं म्हणजे गेलं असं नाही. परीक्षकांचा प्रश्न इथेही तोच.

औषधं सरसकट नसतात हेही सांगायला हवं. शिशाला कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए, कुत्र्यांना आणि पक्ष्यांना तोंडावाटे सक्सिमर, आर्सेनिकला डायमर्कॅप्रॉल, मेंढीच्या तांब्याच्या विषबाधेत मॉलिब्डेनमची औषधं. ईडीटीएमध्ये 'कॅल्शियम' हा शब्द वाचूनच सिरिंज भरा, नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि जनावर टेबलावर जातं. किडनीबद्दल सरांची भीती खोटी नव्हती, म्हणून तर पाणी भरपूर आणि मध्ये खंड देऊन देतात. ईडीटीए जस्तही बाहेर नेतं, तेही लक्षात ठेवायचं.

रागात लिहिलं म्हणून दोन गोष्टी राहिल्या. एक, त्या कालवडीला दोन्ही मिळालं होतं, ई-सेलेनियम पण आणि ईडीटीए पण, आणि ती मुळात सगळ्यात कमी आजारी होती, त्यामुळे एका जनावरावरून सरांचं सिद्ध होत नाही तसं माझंही होत नाही. दोन, धातू काढण्याच्या औषधासोबत अँटिऑक्सिडंट द्यायला माझा विरोध नाही, मी स्वतः देते, खासकरून चाऱ्यात सेलेनियम किंवा ई कमी असेल तर. फक्त मनाने देऊ नका. सेलेनियम चाऱ्यात 0.3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.3 भाग) आसपास पुरतं आणि 5 पीपीएमच्या पुढे सतत गेलं की तेच विष होतं. मांजराला अल्फा लिपोइक अ‍ॅसिड हे अँटिऑक्सिडंट चुकूनही नको, कुत्र्याला चालणारा डोस तिचं लिव्हर घालवतो. आणि लोह किंवा तांबं मोकळं फिरत असेल तर व्हिटॅमिन सीचा मोठा डोस आगीत तेल ओतू शकतो.

त्या कालवडीचं रक्त मी चार महिन्यांनी परत तपासायला पाठवलं. गुरांमध्ये डेसिलिटरला 35 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असलं आणि लक्षणं जुळली की विषबाधा धरतात, ती त्याच्या खाली आली होती पण नॉर्मलपेक्षा बरीच वर होती, आणि दिसायला अगदी तुकतुकीत, उड्या मारणारी. काकांना सांगितलं की पुढे व्याली की दूध तपासल्याशिवाय कोणाच्या तोंडी लावायचं नाही. सर म्हणाले, बघ, ठणठणीत आहे, उगाच घाबरवतेस. मी रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला.

तुमच्या प्रश्नात जनावर कुठलं आणि धातू कुठला ते लिहिलेलं नाही. खरंच एखादं जनावर समोर आजारी असेल तर पेपर वाचणं थांबवा, आधी ते राहतं ती जागा कानाकोपऱ्यापर्यंत चालून बघा, आणि रक्त कुठल्या नळीत काढायचं, ईडीटीएच्या की हेपारिनच्या (दोन्ही रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेली असतात), ते लॅबप्रमाणे बदलतं. आधी लॅबला फोन करून विचारा.