गॅरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही, पण तक्रार जूनच्या आत लागली पाहिजे

उदगीर तालुक्यातल्या एका भाऊंचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. जुनं घर दगड-मातीच्या भिंतींचं, किल्लारीच्या भूकंपानंतर वडिलांनी माळवद उतरवून दुपाखी पत्रे टाकलेले. 2024 च्या उन्हाळ्यात भाऊंनी बाजूला दोन खोल्या वाढवल्या आणि त्यांच्यावरचं नवं दुपाखी छप्पर जुन्या छपरात काटकोनात जोडून घेतलं. ठेकेदार नांदेडचा, रक्कम 3 लाख 40 हजार, अर्धी रोख अर्धी मोबाइलवरून. 12 जून 2024 ला मृगाच्या पहिल्याच पावसात जोडावर धार लागली, त्याच दिवशी भाऊंनी त्याला व्हिडिओ पाठवला. तो येऊन डांबरपट्टी चिकटवून गेला, परत गळालं, परत चिकटवून गेला. 2025 ला जुन्या खोलीतही पाणी आलं, जुने वासे वाकले आणि सप्टेंबरात ठेकेदाराचा मेसेज आला की दोन पावसाळ्यांची गॅरंटी होती, आता माझा संबंध नाही. आता भाऊ विचारतात, गॅरंटी संपली, काही होऊ शकतं का? आधी नोटीस पाठवू का पोलिसात जाऊ?

असलीच पत्रं दर उन्हाळ्यात येतात, कुणाचं स्लॅबचं, कुणाचं बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं, आणि सगळ्यांचं एकच, दोन वर्षं "आज येतो उद्या येतो" वर काढायची आणि मग माझ्यासारखा वकील शोधायचा.

भाऊ, गॅरंटीची काळजी सोडा. दोष गॅरंटीच्या काळात दिसला, तुम्ही त्याच काळात कळवला, त्याने येऊन हात लावला म्हणजे त्याला तो मान्य होता, आता पावसाळे उलटले म्हणून तो सुटत नाही. खरी अडचण दुसरीच आहे आणि तुमच्या चार पानांत तिचं नावही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण कधी घडलं? ठेकेदाराचा वकील पहिल्या तारखेला उभा राहून सांगणार, 12 जून 2024, हा घ्या तक्रारदाराचाच व्हिडिओ. ज्या व्हिडिओवर तुमची केस उभी आहे त्याच्यापासूनच मुदत सुरू झाली. तो व्हिडिओ लपवूनही चालणार नाही, कारण 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिच्याकडे बोट दाखवून ठेकेदार म्हणणार की ढगफुटीसारख्या पावसात कुणाचंही छप्पर गळेल. त्याला उत्तर एकच, हे छप्पर मृगाच्या साध्या पावसात, काम झाल्यावर दोन महिन्यांत गळालं होतं.

म्हणून माझा सल्ला, मुदत 12 जून 2026 ला संपते असंच धरून चला आणि मे महिन्यातच तक्रार दाखल करा. सप्टेंबर 2025 ला त्याने गॅरंटी नाकारली तेव्हा कारण नव्याने घडलं, शिवाय गळती चालूच आहे, असं म्हणता येतं आणि आपण तक्रारीत ते लिहूच, पण ग्राहक आयोग, म्हणजे जिथं ही तक्रार चालते ते ग्राहकांचं न्यायालय, ते मान्य करेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. उशीर माफ करायची सोय कलम 69 मध्येच आहे, त्याला सबळ कारण लागतं, आणि "बोलणी चालू होती" हे कारण बहुतेक वेळा चालत नाही. त्याने दोनदा पट्टी चिकटवली म्हणून मुदत आपोआप वाढते हा समजही डोक्यातून काढा. हातात वेळ असताना माफीवर कशाला अवलंबून राहायचं?

नोटीस पाठवायची तर पाठवा, पण ग्राहक तक्रारीआधी ती पाठवलीच पाहिजे असं बंधन नाही आणि नोटिशीने मुदत एक दिवसही थांबत नाही. नोटिशीच्या उत्तराची वाट बघत जून घालवलेली माणसं मी बघितली आहेत, फार वाईट वाटतं. पोलिसात जाऊन काही साधेल असं वाटत नाही, फसवणुकीला सुरुवातीपासूनची बदनियत दाखवावी लागते, निकृष्ट काम म्हणजे फसवणूक नव्हे.

ठेकेदार नांदेडचा म्हणून नांदेडला चकरा माराव्या लागतील असं तुम्ही धरून बसलात, ते चूक आहे. नव्या कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे लातूरला. ऑनलाइनही दाखल होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घर वडिलांच्या नावावर आणि पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, तर दोघंही तक्रारदार व्हा, उगाच त्या मुद्द्यावर वाद नको.

आता पुराव्याचं. आयोगासमोर "छप्पर गळतं" एवढं म्हणून भागत नाही, काम चुकीचं झालं हे दाखवावं लागतं. गावातल्याच पण ठेकेदाराशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनिअरला बोलवा आणि लेखी अहवाल घ्या. नवं आढं जुन्या पाखीला जिथं भिडतं तिथून दोन्ही बाजूंना खाली उतरत जाणाऱ्या दोन खाचा तयार होतात, नव्या पाखीचं आणि जुन्या पाखीचं पाणी त्याच खाचेत येतं, म्हणून तिथं रुंद अखंड पत्र्याची पन्हळ दोन्हीकडच्या पत्र्यांच्या खाली सरकवून बसवावी लागते आणि तिच्या मधोमध स्क्रू मारायचा नसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पन्हळ दिसतच नाही, नवे पत्रे जुन्यांवर नुसते टेकवलेत आणि खाचेतून स्क्रूची ओळ गेलीय, प्रत्येक स्क्रूभोवती डांबराचा ठिपका. दुसरं, जुने वासे. नव्या छपराचं एक टोक त्यांच्यावर आलं, तर आधी ते तपासून जोडवासे देऊन मजबूत करायला पाहिजे होते. मधला वासा कापलाय का, कापला असेल तर त्याचा भार आडवं लाकूड देऊन दोन्ही बाजूंच्या वाशांवर घेतलाय का, हे अहवालात स्पष्ट यायला हवं. भिंती दगड-मातीच्या आहेत, त्यामुळे हा नुसता पैशाचा मुद्दा नाही. वासे आणखी वाकले असतील तर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका, केस नंतर.

अहवाल होईपर्यंत जोड उघडू नका, दुरुस्ती करू नका. ताडपत्री जरूर टाका, नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे, तिचं बिल ठेवा. दुरुस्तीचं दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी अंदाजपत्रक घ्या, भरपाईचा आकडा त्यावरून ठरतो.

आणि भाऊ, तो जुना फोन पुतण्याला दिला म्हणून लिहिलंत, तो आजच्या आज परत घ्या. व्हिडिओ, ठेकेदाराचे मेसेज, सगळं त्यात आहे. मोबाइलवरचा पुरावा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह (ही नक्कल याच फोनमधली आहे असं सांगणारा कागद) दिला की वाद कमी होतो आणि मूळ फोन हाताशी असला तर फारच बरं. त्याच्या लेटरहेडवरचं ते हाताने लिहिलेलं अंदाजपत्रक, ज्यात "दोन पावसाळे गळती निघाल्यास स्वखर्चाने" असं आहे, त्याची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स फिरवा. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही, हे मात्र अवघड आहे. एक लाख सत्तर हजार कुणी पावतीशिवाय देतं का? बँकेतून काढल्याची नोंद आणि समोर हजर असलेल्याचं शपथपत्र यावर जमेल तेवढं जमवू.

बाकीचं मोघमच सांगतो. बांधकाम परवानगी नव्हती असा मुद्दा ठेकेदार काढू शकतो, त्याने त्याचं निकृष्ट काम माफ होतं असं मला वाटत नाही, तरी कागद काय आहेत ते ग्रामपंचायतीत बघून ठेवा. नव्या पाखीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडतंय ना, त्यावर तुमचा हक्क नाही. वळचणीच्या पाण्याचा असा हक्क वीस वर्षांच्या बिनतक्रार वहिवाटीने मिळतो, तुमचं छप्पर कालचं आहे. त्या बाजूला पन्हळ लावून पाणी आपल्याच जागेत उतरवा, तो वाद वाढवू नका.

निकालाचं विचाराल तर कायद्यात तीन महिने लिहिलेत आणि ते वाचून माझ्या पक्षकारांना दरवेळी खरं वाटतं. आयोगांत अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात, वर्षं जातात, याची चीड येते पण आहे ते असं आहे. एक गोष्ट तुमच्या बाजूने, ठेकेदाराला अपिलात राज्य आयोगाकडे जायचं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जूनची तारीख चुकलीच तर दिवाणी दावा उरतो, कराराच्या भंगाला तीन वर्षांची मुदत आहे, पण त्याला कोर्ट फी लागते आणि वेळ याहूनही जास्त जातो. मे महिन्यात लातूरला या, येताना फोन आणि अंदाजपत्रक दोन्ही घेऊन या.