फवारणी पंपाची व प्रेशर वॉशरची गळती : पाना हाती घेण्यापूर्वी कारण शोधा

सुपारीवरील कोळे रोगाची (पावसाळ्यातील बुरशीजन्य फळगळ) पहिली फवारणी तोंडावर आली की पंपाच्या गळतीच्या तक्रारी सुरू होतात. श्रीवर्धनचे एक बागायतदार लिहितात की, बोर्डो मिश्रण फवारताना एचटीपी (उच्च दाबाच्या पिस्टन) पंपाच्या खालून सतत ठिबकते आणि पिस्टनभोवतीचे पॅकिंग दोनदा बदलूनही पंधरवड्यात ठिबक पुन्हा सुरू होते. देवगडच्या आंबा बागायतदारांच्या गनच्या सांध्यातून पाणी उडते व दाब चढत नाही. दुकानदाराने त्यांना दाबाचा रेग्युलेटर आवळून औषध दीडपट घालण्यास सांगितले आहे. गुहागर तालुक्यातील एका दुग्धव्यावसायिक ताईंचा गोठा धुण्याचा प्रेशर वॉशर, गन बंद ठेवली की, खालून पाणी टाकतो.

श्रीवर्धनच्या तक्रारीचे मूळ पॅकिंगमध्ये नसून चुन्यात आहे, आणि सुपारीच्या पट्ट्यात पुष्कळ पंप याच कारणाने गळतात. एक टक्का बोर्डोसाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी हे प्रमाण सर्वांना पाठ असते, परंतु विरवलेल्या चुन्याची निवळी न गाळता तशीच पिंपात ओतली जाते आणि तिच्यातील बारीक कणी पिस्टन व पॅकिंग यांच्यामध्ये शिरून दोन्ही घासत राहते. पंप उघडाल तेव्हा पिस्टन पुसून त्यावरून नख आडवे, गोलाईच्या दिशेने फिरवून पाहा. नख जराही अडखळले, तर पिस्टनवर चर पडले आहेत असे समजावे, आणि अशा पिस्टनवर कितीही नवे पॅकिंग बसवले तरी ते टिकणार नाही. दोनदा पॅकिंग विकणाऱ्याने एकदाही पिस्टन पाहिला नाही, यातच सर्व काही आले. पॅकिंग बसवताना त्याच्या खोलगट ओठाचे तोंड पाण्याच्या दाबाकडे असले पाहिजे. दुकानातील पोरे घाईत ते उलटे बसवतात आणि मग पंपच बाद झाल्याचे सांगून नवे हेड गळ्यात मारतात.

ठिबकणारे पाणी आहे की तेल, हे आधी बोटावर घेऊन पाहा, अर्थात पंप बंद करून व दाब सोडून. पाणी असेल तर पॅकिंग किंवा पिस्टन, तेल असेल तर ऑइल सील. पंपातील तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरले आहे. तेव्हा सील बदलून तेल पूर्ण नवे भरल्याशिवाय पंप चालवू नये. दुकानदार वरून तेलाची भर घालण्यास सांगेल. ते ऐकू नये, कारण दुधाळ तेलात चांगले तेल ओतल्याने बेअरिंग वाचत नाही. ग्रीस कप असल्यास काम चालू असताना दर दोन-एक तासांनी थोडा आवळावा. रॉकेलने पॅकिंग धुणे किंवा चुन्याचा थर काढण्यासाठी ॲसिड फिरवणे, हे दोन्ही उपाय काउंटरवर फुकट मिळतात, पण रॉकेल रबर खाते आणि ॲसिड धातू.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : चुन्याची निवळी दुहेरी सुती कापडातून गाळावी, मिश्रण पंपाकडे जाताना पुन्हा जाळीतून जावे, आणि फवारणी संपताच, जेवायला जाण्यापूर्वी, स्वच्छ गोडे पाणी दहा मिनिटे पंपातून व गनमधून फिरवावे. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी यासाठी वापरू नये. बोर्डो पंपात रात्रभर राहिले की चुना व्हॉल्व्हच्या बैठकीवर घट्ट बसतो, आणि सकाळी दाब चढत नाही म्हणून बागायतदार रेग्युलेटर आवळू लागतो.

येथून देवगडच्या प्रश्नाकडे वळतो. दाब चढत नसताना रेग्युलेटर आवळणे म्हणजे फुटलेल्या पाईपवर आणखी ताण देणे होय. प्रथम सक्शन पाईपचा सांधा पाहा, कारण तेथून हवा ओढली जात असेल तर बाहेर पाणी गळताना दिसत नाही, फक्त दाब थरथरतो. त्यानंतर जाळी, व्हॉल्व्ह आणि शेवटी झिजलेले नोझल तपासावे. गनच्या सांध्यातील ओ-रिंग (रबरी कडे) काही रुपयांना मिळते. तिच्याऐवजी सुतळी किंवा टेपचे वेढे देऊन आवळल्यास सांध्याचे आटे मोडतात. उच्च दाबाच्या पाईपची गळती बोटाने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारी धार कातडी भेदून आत जाते, आणि तिच्यासोबत कीटकनाशकही जाते. पुठ्ठा धरून गळती शोधावी.

औषध दीडपट करण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. दाब कमी असताना थेंब मोठे पडतात, ते पानावरून ओघळतात, आणि औषध वाढवल्याने ओघळणारे औषध तेवढे वाढते. तुडतुडा पालवीच्या आतल्या बाजूस जसाच्या तसा राहतो. मोहोर करपणे, मधमाश्या मरणे आणि फळात अवशेष राहणे, याची किंमत दुकानदार भरत नाही. लेबलवरील व दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातील मात्रा पाळावी, पूर्ण फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे, आणि पंप बिघडला असेल तर फवारणी दोन दिवस पुढे ढकलावी, मात्रा वाढवू नये. आंब्याचा पंप ऑक्टोबरमध्ये आणि सुपारीचा मे महिन्याच्या मध्यास तपासून ठेवावा. महिनोन्महिने कोरडे पडलेले रबर ऐन फवारणीच्या सकाळी सोडून जाते.

गुहागरच्या ताईंनी घाबरू नये. अनेक वॉशरमध्ये मोटर चालू ठेवून गन बंद केली की तेच पाणी आतल्या आत फिरून तापते, आणि ठरावीक तापमानानंतर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून ते बाहेर टाकतो. मिनिट-दोन मिनिटांहून अधिक काळ गन बंद ठेवायची असेल तर मोटर बंद करावी. गार पंपातूनही, गन चालू असताना, पाणी पडत असेल तरच सील तपासावे. कोणी हा व्हॉल्व्ह ठोकून बंद करून देतो म्हणाल्यास ठामपणे नकार द्यावा. ओल्या गोठ्यात अर्थिंगशिवाय वॉशर लावू नये.

अनुदानाविषयी थोडक्यात : ते नव्या फवारणी यंत्राच्या खरेदीवर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरील अर्जातून मिळते, दुरुस्तीवर नाही, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या पंपाचे बिल ग्राह्य धरले जात नाही, दुकानदाराने नंतर तारीख बदलून देतो असे सांगितले तरीही.