अँप्लिफायर घ्या, पण आधी कार्डाचे 22,000 फेडा

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकाने विचारलंय. वय 36, हातात पगार 58,000, घर बाबांचं आहे, घरखर्च 38,000 आणि एसआयपी 5,000. बाजूला ठेवलेले 40,000 आहेत, 30,000 ची आरडी आत्ताच मॅच्युअर झालीय. पुण्याला गेलेल्या चुलतभावाने बुकशेल्फ स्पीकर ठेवून दिलेत, बाबांच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत, आता अँप्लिफायर हवाय. तीन पर्याय डोक्यात आहेत: शोरूममधला 54,000 चा मोठ्या ब्रँडचा, 12 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, 7,500 चा छोटा क्लास डी (कमी वीज खाणाऱ्या, आटोपशीर प्रकारचा), किंवा महारानी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोणाकडे जुना मिळाला तर तो. आणि पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, क्रेडिट कार्डावर 22,000 बाकी आहेत आणि सध्या मिनिमम भरतोय असं लिहिलंय.

भाऊ, ती शेवटची ओळ खरं तर पहिली हवी होती. तुमच्या स्टेटमेंटवर महिन्याला 3.5 टक्के व्याज आहे म्हणता, म्हणजे 22,000 वर दरमहा 770 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 900 च्या वर रुपये दर महिन्याला जातायत आणि मुद्दल जवळपास तिथंच. शिवाय बाकी पुढे ढकलत राहिलं की नवीन खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो, म्हणजे किराणा कार्डावर घेतला तरी त्या दिवसापासून मीटर चालू. त्यामुळे आरडीतले 22,000 आजच कार्डावर भरा, पूर्ण, एक रुपयाही मागे ठेवू नका.

आता नो कॉस्टचं. रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसतेच. होतं काय, की दुकान व्याजाएवढी सूट किमतीत देतं आणि बँक ते व्याज हप्त्यातून घेते. बँकेचा दर 16 टक्के धरला तर 4,500 च्या बारा हप्त्यांत 4,400 च्या आसपास व्याज असतं, त्यावरचा जीएसटी सुमारे 800 तुमच्या खिशातून आणि प्रोसेसिंग फी वेगळी. 800 ने काही बिघडत नाही हो, मला काळजी वेगळीच आहे. दरमहा 4,500 वर्षभर बांधले जातील आणि आडवेळेसाठी तुमच्याकडे फक्त 40,000 आहेत, म्हणजे जेमतेम एका महिन्याचा खर्च, घरात वयस्कर बाबा असताना हे फार कमी आहे.

आणि तुम्हाला तेवढा अँप्लिफायर लागतच नाही. तुम्ही लिहिलंय खोली 10 बाय 12, स्पीकरच्या मागे 87 डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक). 87 डीबी म्हणजे साधारण एका वॅटला एक मीटरवर 87 डीबी आवाज, आणि घरात आपण बसून ऐकतो ते 70-75 च्या आसपास, म्हणजे बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही, तबल्याची थाप किंवा सम जोरात आली तरी दहा-पंधरा वॅटच्या आत काम होतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डीबी वाढतो, कानाला जेमतेम कळतो. बाबांना संध्याकाळी गायक अमीर खाँसाहेबांचं मंद्रातलं, म्हणजे खालच्या सुरांतलं, संथ विलंबित ऐकायचंय, त्याला 30 खरे वॅट भरपूर झाले.

खरे म्हणतोय कारण त्या 7,500 वाल्याच्या डब्यावर 300 वॅट प्रति चॅनल, म्हणजे एकेका स्पीकरला 300, असं लिहिलंय आणि सोबतचा अडॅप्टर तुम्ही पाठवलेल्या फोटोत 32 व्होल्ट 5 अँपिअरचा आहे. गुणाकार करा, 160 वॅट, तेही दोन्ही चॅनल मिळून, त्यातून 300 कुठून येणार? तरी तुमच्या गरजेच्या कितीतरी पट आहे, म्हणून मी हाच घ्या म्हणतोय. फक्त अडॅप्टरवर बीआयएसचा मार्क बघा आणि वॉरंटीचं पक्कं बिल घ्या. रेकॉर्ड प्लेअरचं मात्र लक्षात ठेवा, त्याचं आउटपुट जेमतेम 5 मिलीव्होल्टचं असतं, या छोट्या अँपला ते थेट जोडलं तर आवाज अगदी बारीक आणि पातळ येईल, प्लेअरमध्येच सोय नसेल तर दोन-तीन हजारांचा फोनो प्रीअँप, म्हणजे तो बारीक सिग्नल आधी वाढवणारा छोटा डबा, लागेल. तो पुढच्या पगारातून घ्या, तोवर फोन ब्लूटूथने जोडून ऐका.

जुन्याचा मोह मी समजू शकतो, जुने सेट दिसायलाही सुंदर असतात. पण तीस-चाळीस वर्षांत आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकतात आणि दुरुस्तीचा खर्च आधी सांगता येत नाही, तुमच्या या महिन्याच्या बजेटमध्ये ते बसत नाही. तरी कधी घ्यायचाच झाला तर दुकानातच स्पीकर लावून, काही न वाजवता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. गुं-गुं आवाज येतो का, नॉब फिरवताना खरखरतो का बघा, आणि मग गाणं लावून दोन्ही बाजू सारख्या वाजतायत का तेही ऐका.

म्हणजे 30,000 मधले 22,000 कार्डाला, 7,500 अँपला. ईएमआयसाठी जे 4,500 काढणार होतात त्यातून पुढच्या महिन्यात फोनो प्रीअँप घ्या आणि त्याच्या पुढच्या महिन्यापासून तेवढ्याचीच नवी आरडी सुरू करा, वर्षभरात 54,000 मुद्दल जमेल आणि आधीचे 40,000 धरून अडीच महिन्यांचा खर्च हाताशी येईल. एसआयपी थांबवू नका. बाबांचा हेल्थ इन्शुरन्स आहे की नाही हे पत्रात कुठेच नाही, ते मला उलट टपाली कळवा, कारण नसेल तर आरडीच्या आधी त्याचं बघावं लागेल.