वाचक विचारतात : नाल्यातून वाहून जाते ते नेमके काय?

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची उताराची संत्राबाग आहे. दर पावसाळ्यात नाला काळा होऊन वाहतो आणि वरच्या अंगाला आता मुरूम उघडा पडू लागला आहे. ही झीज खताने भरून निघते, असे शेजारी म्हणतात. ते खरे आहे का? तलावातला गाळ बागेत टाकावा का?

उत्तर : खताने तिचा फार तर एक हिस्सा भरून निघतो, आणि तोही दुसरीकडची खाण उकरून. तुमची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला बेसाल्ट झिजून बनलेली आहे. मोठ्या पावसात नाल्याचे पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. रेती काही मिनिटांत तळाशी बसेल, पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहील. तो गढूळपणा म्हणजे पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम धरून ठेवणारी चिकणमाती, आणि स्फुरदही (फॉस्फरस) बरेचसे तिलाच चिकटलेले असते.

देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टन माती धुपते, असा १९८३ चा अंदाज आजही वापरला जातो. हा थर जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणून डोळ्यांत भरत नाही. किलोभर मातीत अर्धा ग्रॅम स्फुरद धरले, तर १६ टनांबरोबर ८ किलो जाते. तेवढे सुमारे ४० किलो डीएपी खतात असते. (यातले सगळे झाडाला लगेच लागू होणारे नसते, हे खरे; पण साठा गेला तो गेलाच.) डीएपीसाठी लागणारा रॉक फॉस्फेट आणि पालाशयुक्त खते आपल्याला मुख्यतः परदेशातून आणावी लागतात.

मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि भारतीय खाण ब्यूरो या दोहोंची मुख्यालये नागपुरातच आहेत, आणि तुमचा प्रश्न दोघांच्याही विषयातला आहे. खनिज संवर्धनाच्या २०१७ च्या नियमांनुसार खाणवाल्याला वरची माती वेगळी राखावी लागते. नाल्यातून जाणाऱ्या मातीचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

उताराला आडवे समतल चर काढा, धुऱ्यावर गवत राखा आणि पावसाळ्यात ओळींमधली जमीन उघडी ठेवू नका. गाळ मुरूम उघडा पडलेल्या भागात अवश्य टाका, पण आधी त्याची तपासणी करून घ्या. खालच्या भारी जमिनीत मात्र तो टाकू नये. तिथे निचरा आणखी मंदावतो आणि संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागण्याची भीती वाढते.