आरसीपीवर (टीव्ही कॅमेऱ्याच्या रिमोट कंट्रोल पॅनलवर) टॅली (कॅमेरा ऑन-एअर असल्याचा लाल दिवा) पेटते, एफ-स्टॉपचा (भिंग किती उघडलंय त्याचा) आकडाही दिसतो, पण नॉब फिरवून काहीच बदलत नाही. पॅनल बिघडलंय का?

नाही, बहुधा पॅनल ठणठणीत आहे, फक्त कंट्रोल तुमच्याकडे नाही. ‘पॅनल अ‍ॅक्टिव्ह’ बटणाचा दिवा बंद असेल. सोनीच्या आरसीपी-१५०० मालिकेवर हे नेहमी होतं. लाल टॅली येते स्विचरकडून (कोणता कॅमेरा दाखवायचा ते निवडणाऱ्या यंत्राकडून) आणि आयरिस (भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र), गेन (सिग्नलची वाढ), फिल्टरचे आकडे कॅमेऱ्याकडून, म्हणून कंट्रोल दुसऱ्या कोणाकडे असला तरी स्क्रीन जिवंतच दिसते. ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) एमएसयूवर (सगळ्या कॅमेऱ्यांच्या मुख्य कंट्रोल युनिटवर) बसलेल्याने तुमचा कॅमेरा घेतला की तुमचं बटण विझतं. शेजारचं ‘आयरिस/एमबी अ‍ॅक्टिव्ह’ तेवढं पेटलेलं असेल, तर आयरिस आणि मास्टर ब्लॅक (चित्रातल्या काळ्याची पातळी) चालतील, व्हाइट बॅलन्स किंवा डीटेलच्या (चित्राच्या धारदारपणाच्या) मेन्यूत मात्र कितीही बोटं आपटा.

दिवा चालू असूनही आयरिस पूर्ण हातात येत नसेल, तर ऑटो आयरिस पेटलाय का बघा. ऑटोमध्ये नॉब भिंग थेट उघडत-मिटत नाही, ऑटोने किती उजेड धरायचा ती पातळी वरखाली करतो. त्यामुळे आकडा थोडासाच सरकतो.

एक मात्र सांभाळा: लाल टॅली असताना बटण दाबून कंट्रोल ओढू नका. आयरिस अ‍ॅब्सोल्यूट मोडमध्ये (नॉबची जागा तीच आयरिसची जागा) असेल तर आयरिस एकदम नॉबच्या जागेवर उडी मारतो आणि ती उडी थेट प्रक्षेपणात दिसते. आधी इंटरकॉमवर विचारा. दुसऱ्या कंपन्यांच्या पॅनलवर बटणांची नावं वेगळी असतात.