आधी ओल, मग रंग: दिवाळीसाठी दीड लाखाचं कर्ज काढावं का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांचे सासरे गेले, त्यामुळे वर्षभर घरात सण झाला नाही. यंदाची दिवाळी त्यानंतरची पहिली. घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर, इमारत चोवीस वर्षांची, आणि हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. ताईंना आणि त्यांच्या यजमानांना घर नव्यानं सजवायचंय. पूर्ण घराचा रंग ८५,०००, ओल येते त्याच भिंतीवर सजावटीचं पॅनेल ४०,०००, पडदे आणि सोफ्याचं कापड ३६,०००, दिवे आणि बाकीच्या वस्तू २९,०००. एकूण १,९०,०००. यजमानांच्या बोनसचे ४०,००० हाताशी येतील, उरलेल्या दीड लाखासाठी बँकेनं दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी देऊ केलंय. ताई विचारतात, कर्ज घ्यावं, मुदत ठेव मोडावी, की लेकीची एसआयपी, म्हणजे तिच्यासाठी म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम, थांबवावी? आणि सासूबाई म्हणतात, "काही करू नका, माझं मन लागत नाही."

ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही मागताय तो सल्ला पैशाचा आहे, पण खर्चाचं कारण वेगळं आहे आणि ते रास्त आहे. घरातलं माणूस गेल्यावर वर्षभर दाराला तोरण लागत नाही, अंगणात रांगोळी पडत नाही. वर्ष फिरलं की घर पुन्हा उजळावं असं वाटणारच. तेव्हा "सजावट म्हणजे उधळपट्टी" असलं काही मी लिहिणार नाही. यंदा खर्च करा. फक्त १,९०,००० चा नको, कर्ज काढून तर नकोच, आणि त्या ओल्या भिंतीवर एक रुपयाही नको.

सुरुवात भिंतीपासून करते, कारण तुमचा निम्म्याहून जास्त खर्च रंग आणि पॅनेलचा आहे. हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मध्ये बरोबर एक महिना. चार महिने पाणी प्यालेली भिंत महिनाभराच्या उन्हात वरून कोरडी दिसते, पण आतला गिलावा ओला असू शकतो. त्यावर प्लास्टिक इमल्शन चढवलं की ओल आत कोंडते, लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, बाहेर येतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. ही चूक मी स्वतः ठाण्याच्या घरात केलेली आहे. दसऱ्याला रंग लावला, पुढच्या जुलैत भिंतीला फोड आले, आणि तीच भिंत खरवडून पुन्हा करून घेतली. पैसे दोनदा गेले. पॅनेलचं तर आणखी वाईट. त्याच्या मागे बुरशी धरते आणि दिसतही नाही. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांचा दिवस त्याच हॉलमध्ये जातो. ते ४०,००० यादीतून कायमचे काढून टाका.

भिंत खरंच कोरडी आहे का, हे घरीच बघता येतं. हातभर लांबरुंद जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद करा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. पश्चिमेच्या भिंतीवर आणि हॉलच्या दुसऱ्या एखाद्या भिंतीवर, दोन्हीकडे करा म्हणजे फरक कळेल.

आणि ही भिंत दुरुस्त करायचा खर्च मुळात तुमचा नाही. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नियम) बाहेरच्या भिंती, गच्ची, आणि पावसाच्या गळतीनं खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत यांची दुरुस्ती सोसायटीनं तिच्या खर्चानं करायची असते. तुम्ही लिहिलंय की येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. ही सभा संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती पावसाळ्याच्या शेवटीच येते, भिंतीवरचा डाग अजून ताजा असताना. ऑक्टोबरचं ऊन लागलं की तो फिका होतो आणि मग समितीला दाखवायला काही उरत नाही.

आता कर्जाचं गणित. तुमच्या घरात दोघांचे मिळून महिन्याला ७४,००० येतात. घरकर्जाचा हप्ता २१,५००, घरखर्च ३८,०००, लेकीची एसआयपी ६,०००. उरतात ८,५००. दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता १४ टक्क्यांनी चोवीस महिन्यांसाठी ७,२०२ येतो. म्हणजे दोन वर्षं तुमच्या हातात महिन्याला तेराशे रुपयेसुद्धा राहत नाहीत. व्याज जातं सुमारे २२,८५०. शिवाय प्रक्रिया शुल्क दोन टक्के असेल, तर जीएसटी धरून आणखी ३,५४०. दोन दिवाळ्या उलटतील तरी या दिवाळीचे हप्ते चालूच असतील, आणि मधल्या काळात लेक दहावी होऊन अकरावीला गेलेली असेल.

बँकेतल्या ओळखीच्या माणसानं घरकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जाला जोडून वाढीव कर्ज, सुचवल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात. ते मोहात पाडणारं आहे, कारण दर कमी आणि हप्ता छोटा. साडेनऊ टक्क्यांनी उरलेल्या सहा वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता फक्त २,७४० च्या आसपास. पण व्याज भराल ४७,००० हून जास्त, वैयक्तिक कर्जाच्या दुप्पट. दर कमी असून व्याज जास्त, कारण मुदत तिप्पट आहे. पडदे तीन-चार वर्षांत विटतात. त्यांचे हप्ते सहा वर्षं भरायचे नाहीत.

ठेव २,८०,००० ची आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५९,५०० लागतात, म्हणजे ही ठेव तुमचे साडेचार महिने निभावते. दीड लाख काढले तर जेमतेम दोन महिने. यजमानांची नोकरी खासगी, घरात वयस्कर माणूस. ती ठेव मोडायची नाही. (कधी खरोखरची नड आली तर तेव्हाही आधी मोडू नका, ठेवीवर कर्ज मिळतं का ते विचारा. बँका साधारणपणे ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त घेतात आणि ठेव चालू राहते. पण ते दवाखान्यासाठी, पॅनेलसाठी नव्हे.)

एसआयपीबद्दल मी तुमच्यापेक्षा वेगळ्या कारणानं काळजीत आहे. ती थांबवू नका हे तर आहेच. पण अकरावीचा प्रवेश आणि क्लासची फी येत्या जूनमध्ये लागणार. जे पैसे वर्षाच्या आत लागणार आहेत, ते शेअर बाजारावर अवलंबून ठेवू नयेत. तेवढी रक्कम आत्ताच काढून छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवा, बाकीची एसआयपी तशीच चालू दे. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण रंगाच्या प्रश्नापेक्षा हे जास्त निकडीचं आहे.

दिव्यांचे २९,००० दुकानदार "बिनव्याजी हप्त्यां"वर देतोय म्हणे. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी लपलेलं असतं, शुल्कात नाहीतर न दिलेल्या सवलतीत. दुकानात एकच विचारा, रोख दिले तर किती? कार्डावरचे हप्ते असतील तर शुल्कावर आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. आणि कार्डाचं बिल पूर्ण न भरता किमान रक्कम भरत राहिलात, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज बसतं. झुंबर नंतर बघू.

मग या दिवाळीत काय करायचं? माझा आकडा २४,००० आहे, बोनसच्या चाळीसातले.

१६,००० हॉलच्या तीन कोरड्या भिंती, छत आणि दारातल्या पॅसेजला. आल्यागेल्याची नजर तिथेच पडते. ठेकेदारानं दर चौरस फुटाला लावला आहे, तर मापं तुमच्यासमोर घ्यायला सांगा आणि दारं-खिडक्या वजा केल्यात का ते बघा. छटेचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, एप्रिलमध्ये चौथ्या भिंतीला तोच लागेल. चौथ्या भिंतीचे पोपडे फक्त खरवडून तिला उघडी सोडा, तिच्यासमोरची खिडकी दिवसभर उघडी. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण भिंत वाळवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. उघडी भिंत डोळ्यांना खुपेल, तर वीतभर अंतर सोडून एक दांडी लावा आणि सासूबाईंच्या ट्रंकेतली इरकल किंवा पैठणी त्यावर सोडा. कापड भिंतीला टेकू देऊ नका, डाग पडेल.

५,५०० कापडाला. ऋतू बदलला की घराचा रंग बदलावा ही तुमची हौस मला मनापासून आवडली, आणि ती पडद्या-अभ्र्यांत भागते, त्यासाठी सोफा बदलावा लागत नाही. शरदाचे रंग आपल्याकडे बाहेरच दिसतात: झेंडूचा पिवळा आणि केशरी, पिकलेल्या भाताचा सोनेरी. त्या रंगांत खणाचे अभ्रे शिवून घ्या, हॉलपुरते सुती पडदे घ्या. थंडीत दिवाणावर सोलापुरी चादर, उन्हाळ्यात पांढरी खादी, पावसाळ्यात लवकर वाळणारं कृत्रिम धाग्याचं कापड. एका वर्षात सगळे संच घेऊ नका, दर ऋतूला एक घ्या. दोन वर्षांत कपाट भरेल आणि दर वेळी हजार-दीड हजाराच्या वर खर्च जाणार नाही. पडदे शक्यतो दिवाळी झाल्यावर घ्या, गर्दी ओसरलेली असते आणि घासाघीस करता येते. हॉलचे मात्र आत्ताच घ्या.

उरले २,५००. त्यात फुलं, रांगोळी, पणत्या, विजेच्या माळा, कंदील. झेंडूचा भाव दसऱ्याच्या सकाळी स्टेशनबाहेर भलताच चढलेला असतो. आदल्या दिवशी पहाटे कल्याणच्या बाजार समितीत जाऊन चार शेजाऱ्यांनी मिळून क्रेट घेतला तर बराच फरक पडतो. एलईडी माळांच्या बिलाची काळजी नको. दहा वॅटच्या पाच माळा रोज पाच तास पंधरा दिवस लावल्या, तरी चार युनिटसुद्धा होत नाहीत. कंदील मात्र घरी करा. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, खाली झिरमिळ्या. लेकीला पुस्तकातून डोकं वर काढायला दोन संध्याकाळी मिळतील.

या सगळ्याच्या आधी घटस्थापनेपूर्वी दसरा काढा, म्हणजे घर झाडून-धुऊन घ्या. तुम्ही लिहिलंय की सासरे मूळचे साताऱ्याकडचे, आणि गावच्या घराला दर वर्षी स्वतः चुना द्यायचे. मग दसरा काढणं सासूबाईंना सांगायला नको. गोधड्या-वाकळा धुणं, डबे घासणं, माळे रिकामे करणं, सगळं त्यांना पाठ असेल. पावसाळ्यात दमट झालेलं अंथरूण-पांघरूण एकदा कडक उन्हात पडलं की घराचा वास बदलतो. हे काम त्यांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली करा. "काही करू नका" म्हणणारं माणूस कधी कधी ट्रंक उघडल्यावर स्वतःच सांगू लागतं, हे घ्या, हे ठेवा. आणि नाहीच उघडली त्यांनी, तर पैठणीऐवजी साधी चादर चालेल. ज्याचा त्याचा वेळ असतो.

बाकीचा रंग एप्रिलमध्ये, पाडवा झाल्यावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे, तेव्हा घरात पुट्टीची धूळ आणि रंगाचा वास नको. एप्रिलमध्ये भिंतही पुरती वाळलेली असेल, आणि सोसायटीनं बाहेरची दुरुस्ती हिवाळ्यात केली असेल तर तीही बघून घेता येईल.

पैसे असे जमतील. बोनसमधले १६,००० उरतात. कर्जाचा हप्ता म्हणून जे ७,२०० द्यायला तुम्ही तयार होतात, तेच ऑक्टोबरपासून आवर्ती ठेवीत टाका. एप्रिलपर्यंत सात हप्ते, ५०,४००. व्याज धरून सगळे मिळून साधारण ६७,५०० होतात. रंगाचे राहिलेत ६९,०००. दीड हजाराची तूट मापं नीट घेतली की निघेल. मध्ये एखाद्या महिन्यात दवाखाना आला, तर आवर्ती ठेवीचा हप्ता चुकल्याचा दंड किरकोळ असतो. कर्जाचा चुकला तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो. सोसायटीनं दुरुस्ती लांबवली, तर बाकीच्या खोल्या रंगवा आणि ती एक भिंत तशीच ठेवा. समितीच्या नजरेसमोर ती असलेली बरी.

रविवारच्या सभेला जाताना भिंतीचे फोटो छापून घ्या, प्रत्येकावर तारीख घाला. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर सचिवांची सही-शिक्क्याची पोच घ्या. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या घरांतही ओल असेलच, त्यांच्याही सह्या शनिवारी संध्याकाळपर्यंत गोळा करा.